मागची अर्धी

गल्लीत तिला सगळे धाकटी म्हणत. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा दोन सुनांतली ती धाकटी होती. पुढे थोरले दीर गेले, त्यांच्यामागून तिचा नवराही गेला, तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, पण नाव काही बदललं नाही. थोरली समोर होती तोवर धाकटी धाकटीच राहणार होती.

बाजाराच्या रस्त्यावर रंगाचं एक मोठं दुकान होतं. तिथे ती रंग मिसळायचं काम करायची. लोक भिंतीचा निघालेला पोपडा घेऊन येत, कुणी उशीचा अभ्रा आणी. एकदा एका होऊ घातलेल्या नवरदेवाने कोटाचं बटण आणलं होतं आणि खोलीला हाच रंग हवा म्हणून तो हटून बसला होता. धाकटी नमुना घेऊन दुकानाच्या दारात उजेडात जाई, एक डोळा बारीक करून बघे आणि मग डबा मशीनखाली लावी. रंग तयार झाला की बोटभर पट्टा पुठ्ठ्यावर ओढून वाळत ठेवी. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणे, "ओला बघून ठरवू नका. वाळला की बोला माझ्याशी."

तिचा नवरा त्याच दुकानाचा टेम्पो चालवायचा. माणूस अबोल, पण कामाचा. त्या दोघांना मूल झालं नाही. थोरलीचा मुलगा मात्र दोघींच्या अंगाखांद्यावर वाढला. त्याला चालायला शिकवलं थोरलीने आणि सायकल शिकवली धाकटीने, त्यामुळे गुडघे फोडून घेतले ते सगळे काकूच्या नावावर जमा होते.

घराची जागा दोन्ही भावांनी मिळून घेतली होती. गल्लीतले बाकीचे प्लॉट एकासारखे एक. यांचा मात्र वेगळा. रस्त्याच्या बाजूला रुंदी इतरांइतकीच, पण मागे दुप्पट खोल, ट्रेनच्या डब्यासारखा. गिऱ्हाईकं येऊन बघत आणि नाक मुरडून जात, म्हणून तो शेवटी उरला होता. दोघा भावांना तो बरोबर बसला. थोरल्याने पुढच्या अर्ध्यात घर बांधायचं, धाकट्याने मागच्या अर्ध्यात, आणि धाकट्याचं होईपर्यंत सगळ्यांनी पुढेच राहायचं, असं ठरलं. कागदावर जागा दोघांच्या नावे एकत्र राहिली. पुढचं घर उभं राहिलं. मागचं होईपर्यंत म्हणून जे एकत्र राहणं सुरू झालं, ते तसंच चालू राहिलं. एक वर्ष टेम्पोच्या कामात गेलं, एक आजारपणात, मग सिमेंट महागलं, मग सवय झाली.

स्वयंपाकघराची गोष्ट याच्या मधली. थोरल्याने बांधलेलं स्वयंपाकघर बोळकांडीसारखं होतं. एक जण ओट्याशी उभी असली की दुसरीला पाठ भिंतीला घासत जावं लागे. एका पावसाळ्यात धाकटीच्या हातातलं गरम पातेलं थोरलीच्या दंडाला लागलं आणि त्या रात्री जेवताना धाकटीनेच विषय काढला. घराच्या कडेने बाहेर चार-पाच हात मोकळी पट्टी होती, कुंपणापर्यंत. तिथवर भिंत सरकवली तर दोघी सुखाने वावरतील. थोरल्याने घास थांबवून धाकट्या भावाकडे पाहिलं. "मागे जायची वाट ती," तो म्हणाला. धाकटीचा नवरा म्हणाला, "मागे जाणार कोण आहे सध्या? करून टाक." स्वयंपाकघर ऐसपैस झालं, दोन खिडक्या आल्या, मागच्या बाजूला एक दार आलं. त्यानंतर मागच्या जागेत जायचं तर थोरलीच्या स्वयंपाकघरातून जावं लागे. दोऱ्यांवर कपडे वाळत, गवत वाढे, वर्षातून दोनदा कापलं जाई.

धाकटीचा नवरा गेल्यावर भेटायला आलेल्या लोकांसमोर थोरली एकच वाक्य म्हणाली होती. "हिची काळजी नको. मागची अर्धी जागा हिचीच आहे." धाकटीने ते वाक्य मनात जपून ठेवलं. दुकानात कुणी चौकशी केली, तर तीही सहज सांगून जाई, की आमचा प्लॉट दुप्पट आहे, अर्धा माझा. ती त्या घरात वरच्या छोट्या खोलीत राहत होती, गॅस थोरलीच्या नावावर होता, पंखा कुठल्या वेगाने लावायचा हे पुतण्या ठरवायचा. पण मागची अर्धी तिची होती.

पुतण्याचं लग्न झालं, बायको आली, पहिलं मूल होऊ घातलं. घर अपुरं पडायला लागलं, तसा त्याने वर मजला चढवायचा घाट घातला आणि बँकेत कर्जासाठी गेला. बँक म्हणाली, घर तारण ठेवायचं तर आमचा माणूस येऊन किंमत ठरवेल. पुतण्या खुशीत घरी आला.

"शेजारच्यांच्या घराची किंमत मला माहीत आहे," तो चहा पिता पिता म्हणाला. "आपली जागा त्यांच्या दुप्पट. म्हणजे दुप्पट किंमत धरा. एक मजला काय, दोन चढवू."

"आधी एक चढव," थोरली म्हणाली.

किंमत करणारा माणूस आला त्या दिवशी धाकटीने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. का घेतली हे तिला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. तिला तो आकडा स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

माणूस गोल चेहऱ्याचा, सर्दीने बेजार होता. दारात बूट काढून आत आला, खिशातून हातभर रुमाल काढला आणि शेवटपर्यंत तो हातातच ठेवला. भिंतींची मापं त्याने लाल ठिपका टाकणाऱ्या यंत्राने घेतली, ओलीचे डाग पाहिले, नळ सोडून बघितले, गच्चीवर जाऊन आला. मग रस्त्यावर उभं राहून गल्लीतली घरं डावी-उजवीकडे नजरेने मोजली. शेवटी म्हणाला, "मागे कुठून जायचं?"

"या ना, इकडून," म्हणत थोरलीने त्याला स्वयंपाकघरातून नेलं. ओट्यावर कुकर होता. त्याच्या वाफेपासून अंग चोरत तो मागच्या दारातून बाहेर पडला. मागच्या जागेत फिरला, तिन्ही बाजूंची कुंपणं पाहिली. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला तशीच, आणि पाठीमागे बेकरीवाल्याच्या भट्टीची मागची बाजू.

"याला दुसरी वाट नाही?"

"नाही," धाकटी म्हणाली.

त्याने शिंक आवरली आणि मान हलवली.

बैठकीच्या खोलीत बसल्यावर पुतण्याने सरळच विचारलं, "साहेब, साधारण दुप्पट धरायला हरकत नाही ना?"

"दुप्पट कशी होईल?" तो म्हणाला. "या गल्लीत घर घ्यायला येणारा माणूस काय शोधत येतो? तीन-चार खोल्या आणि इतरांकडे आहे तेवढी जागा. तेवढ्याचे तो पूर्ण पैसे देतो. त्याहून जास्त जागा मिळाली तर त्याला आवडेल, थोडे जास्त देईलही. पण त्या जास्तीच्या जागेला तो पहिल्या जागेचा भाव देत नाही. मागे मोकळं मिळालं, मुलं खेळतील, झाडं लावू. बागेचे पैसे देईल, प्लॉटचे नाही देणार."

"पण माप तर दुप्पट आहे."

"माप दुप्पट आहे. उपयोग दुप्पट आहे का? रस्त्याकडचं तोंड तेवढंच आहे. शेजारच्या घरापेक्षा मी सहाव्या हिश्श्याने जास्त धरेन, फार ताणलं तर."

पुतण्याचा चेहरा पडला. थोरलीने त्याच्यासमोर बशी सरकवली, जणू तो परीक्षेत नापास होऊन आला होता.

धाकटी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आणि मागचा अर्धा, नुसता? समजा, तो वेगळाच असेल तर?"

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "तो वेगळा होत नाही ना, बाई. वाट नाही त्याला. उद्या तुम्ही तो विकायला काढला तर घेणारा आत जाणार कुठून? यांच्या ओट्यावरून? लागून असलेला एखादा शेजारी घेईल, पण पडेल भावात. एकट्याची अशी त्याला किंमत जवळजवळ नाहीच."

त्याच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. चहा संपवून, बूट घालून तो निघून गेला. पुतण्या काही वेळाने हसून म्हणाला, "काकू, तुझी इस्टेट कपडे वाळत घालण्यापुरतीच निघाली गं." सून त्याला कोपर मारून गप्प करत होती. धाकटी हसली. तिला खरोखर हसू आलं होतं, ते थांबलं तशी ती रिकाम्या कपबश्या उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका शाळेच्या भिंतीचा रंग चुकवला. डबा उघडल्यावर मालक म्हणाले, "हे काय? हा तर दवाखान्याचा हिरवा झाला." इतक्या वर्षांत असं क्वचित झालं होतं. तिने गुपचूप दुसरा डबा लावला.

थोरलीचा राग तिला आला नव्हता, पुतण्याचाही नाही. आपण स्वतः तोंडाने मागितलेल्या भिंतीने आपलीच वाट बुजवली, हे तिला दिसत होतं, आणि त्यात रागवायला कुणी सापडत नव्हतं. तिला खुपत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं ती त्या घरात वावरली ती एका भरवशावर, की मी कुणाच्या आश्रयाला नाही, माझी जागा आहे. काल कळलं की जागा आहे, पण तिथवर जायला दुसऱ्याची परवानगी लागते. वरच्या खोलीतली आणि मागच्या जागेतली, तिची दोन्हीकडची गत एकच होती.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ती त्या किंमतवाल्याच्या ऑफिसात गेली. औषधाच्या दुकानावर एक खोली, दोन टेबलं, भिंतीवर शहराचा नकाशा. त्याची सर्दी बरी झाली होती आणि त्यामुळे तो वेगळाच माणूस वाटत होता.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "स्वयंपाकघराची ती बाहेर आलेली पट्टी पाडली आणि कडेने वाट काढली, तर?"

त्याने कागद ओढून एक लांबट चौकोन काढला, मधोमध रेघ मारली आणि कडेने एक अरुंद पट्टी. "वाट नगरपालिकेच्या नियमाइतकी रुंद हवी. मला वाटतं बसेल. बसली, तर मागचा तुकडा स्वतंत्र प्लॉट होतो. आतल्या अंगाला आहे, त्यामुळे रस्त्यावरच्या प्लॉटचा भाव नाही मिळणार, थोडा कमी. पण प्लॉटचा भाव मिळेल. बागेचा नाही."

"आणि पुढचं घर? त्यांची किंमत निम्मी होईल?"

"छे. पुढचं घर मग शेजाऱ्यांच्या घरासारखं होईल, नेहमीच्या मापाच्या जागेवरचं. मागच्या जागेसाठी जो सहावा हिस्सा मी जास्त धरला होता, तेवढा जाईल. स्वयंपाकघर आक्रसेल, त्याचं थोडं जाईल. दोन्ही मिळून बेरीज मात्र आजच्यापेक्षा बरीच जास्त." त्याने पेन ठेवलं. "हे झालं किमतीचं. घरात हे कोण कुणाला सांगणार, ते माझ्याकडे विचारू नका."

"ते मीच सांगेन," धाकटी म्हणाली.

तिने रविवारची सकाळ निवडली. थोरली भाजी निवडत होती. धाकटी समोर बसली, तिनेही एक जुडी ओढली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. जसं त्याने सांगितलं होतं तसं, काही न गाळता.

थोरलीचे हात थांबले. "म्हणजे माझं स्वयंपाकघर पाडायचं."

"सगळं नाही, जाऊबाई. बाहेर आलेलं तेवढंच."

"त्या तेवढ्यातच माझा ओटा आहे. खिडक्या आहेत. तू काय सांगतेस मला? तूच हवं म्हणाली होतीस ना मोठं?"

"हो. मीच म्हणाले होते."

"मग आता काय झालं? कोणी काही बोललं का तुला? पोटभर जेवायला मिळत नाही? उद्या मी गेले तर हा पोरगा तुला रस्त्यावर काढणार आहे?"

"असं कुठे म्हणाले मी?"

"मग कशाला हवी वाट?"

धाकटीने हातातली जुडी खाली ठेवली. ती म्हणाली, "मला तिथे दोन खोल्या बांधायच्या आहेत. माझी शिल्लक आहे थोडी, दुकानाकडूनही उचल मिळेल. मला माझ्या दारातून आत-बाहेर करायचंय."

थोरली उठली, निवडलेली भाजी तिने न धुता तशीच झाकून ठेवली आणि आत निघून गेली.

त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. एका स्वयंपाकघरात दोन बायकांनी अबोला धरणं हे सोपं काम नव्हतं. मीठ संपलं हे सांगायलाही सुनेला मध्ये घ्यावं लागे. "अगं, तुझ्या काकूंना सांग, दूध उतू जातंय," थोरली म्हणे, आणि धाकटी दुधापासून हातभर अंतरावर उभी असे. सून बिचारी जड अंगाने इकडून तिकडे निरोप पोचवी आणि नवऱ्यासमोर कपाळाला हात लावी.

पुतण्याला हिशेब पटला होता. बेरीज वाढते म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले होते, पण त्याने त्याचा स्वतःचा अर्थ काढला. एका संध्याकाळी तो काकूच्या खोलीत येऊन खाटेच्या कडेवर बसला. "काकू, वाट काढू या आपण. आईला मी समजावतो. पण बांधायच्या भानगडीत कशाला पडतेस? विकून टाकू. तुला तुझे पैसे, मला मजल्याला मदत. एकटीला कशाला गं घर?"

"तुला दुकट्याला कशाला हवा मजला?"

"तिकटे होतोय आम्ही," तो हसत म्हणाला.

"मग मी एकटी आहे. मला दोनच खोल्या पुरे. पण विकायची नाही मला."

तो उठून गेला. रागावला नव्हता. त्याला काकू कळली नव्हती इतकंच.

वाटेची गोष्ट घराबाहेर कशी गेली कोण जाणे, पण गल्लीत भिंतींना कान होतेच. पाठीमागच्या बेकरीवाल्याने पुतण्याला गाठलं. त्याला मैदा ठेवायला कोठार हवं होतं, आणि मागची जागा त्याच्या भट्टीला लागूनच होती. भिंत पाडली की झालं, वाट लागणारच नव्हती. एक दिवस तो स्वतः घरी आला, सोबत केकचा खोका घेऊन. पुतण्या कामावर होता. बैठकीत थोरली बसली होती, धाकटी नुकतीच दुकानातून येऊन पाणी पीत होती.

बेकरीवाल्याने एक आकडा सांगितला. तो ऐकून थोरलीने भुवया उंचावल्या. रस्त्यावरच्या प्लॉटच्या भावाचा चौथा हिस्साही तो नव्हता.

"इतका कमी?"

"वहिनी, त्या जागेला वाट आहे का?" बेकरीवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "माझ्याशिवाय तिला विचारणार कोण? आणि तसंही या बाईंना काय करायचंय इतक्या जागेचं? मूल ना बाळ. आज आहेत, उद्या तुमच्याच मुलाकडे यायचं आहे सगळं. आत्ताच मोकळं करून घ्या. त्यांना पडून राहायला वरची खोली आहेच की."

धाकटी पेला घेऊन उभी होती. तो तिच्याकडे बघून बोलतही नव्हता, ती खुर्ची किंवा कपाट असावी तसा तिला वगळून बोलत होता.

थोरली शांतपणे उठली. तिने केकचा खोका उचलला आणि त्याच्या हातात दिला. "आमच्याकडे गोड कोणी खात नाही," ती म्हणाली. "आणि ती जागा हिची आहे. हिच्याशी बोलायचं असेल तर हिच्याकडे बघून बोला. विकायची नाही असं ती म्हणाली आहे. मी ऐकलंय."

बेकरीवाला गेला. थोरली खोलीत गेली. रात्रीच्या जेवणाला तिने स्वतः सगळ्यांना वाढलं, धाकटीलाही, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी खाली आली तर स्वयंपाकघरात खडखडाट चालला होता. थोरली स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे उतरवत होती. जमिनीवर पातेली, ताटं, मोडक्या झाकणांचा ढीग. सून दारात उभी राहून "आई, पडाल, आई, उतरा" असं म्हणत होती.

"हे काय करताय?" धाकटीने विचारलं. इतक्या दिवसांनी थेट विचारलं होतं.

"डबे काढतेय. भिंत पाडताना फुटतील." थोरलीने एक डबा खाली दिला. धाकटीने तो घेतला. "मला तुझं पटलेलं नाही, आधीच सांगते. या घरात तुला काय कमी होतं ते मला अजून कळलं नाही. पण तो मैदावाला माझ्यासमोर बसून तुझी किंमत करतो, आणि मी ऐकून घ्यायचं?"

"जागेची करत होता तो."

"तुझी करत होता." दुसरा डबा खाली आला. "आणि एक. त्या भिंतीच्या वेळी तू एकटीने नव्हतं मागितलं. तू बोललीस, मला हवंच होतं. हे म्हणाले होते, वाट बुजेल. तेव्हा मला वाटलं, बुजू दे. तुम्ही दोघं मागे गेलात तर इथे घर खायला उठेल. धर, हा जड आहे."

धाकटीने डबा धरला. तांदळाचा होता, खरंच जड होता. दोघींनी मिळून दुपारपर्यंत फळ्या रिकाम्या केल्या, आणि त्या दिवशी धाकटी दुकानात उशिरा गेली.

पुढचं काम असल्या कामांच्या चालीनेच झालं. नगरपालिकेत तीनदा फाइल परत आली, एकदा वाटेचं माप वीतभर कमी भरलं म्हणून कुंपणाची जुनी भिंत पाडून पातळ घालावी लागली. भिंत पडली त्या दिवशी गल्लीभर धूळ झाली आणि शेजारणीने वाळत घातलेले कपडे परत धुतले, तेही यांच्या नावाने बोटं मोडत. थोरलीचा ओटा बैठकीच्या खोलीच्या एका टोकाला आला. पहिले पंधरा दिवस ती पाहुण्यांसमोर भांडी वाजवायला लाजत होती. नंतर तिला कळलं की ओट्याशी उभं राहून रस्त्यावरचं सगळं दिसतं, कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी. मग तिची तक्रार कमी झाली.

जागेची कागदोपत्री वाटणी झाली. बँकेसाठी तोच किंमतवाला पुन्हा आला. या वेळी तो नव्या वाटेने सरळ मागे गेला, बूट न काढता. पुतण्या धास्तावला होता, जागा निम्मी झाली म्हणजे आपलं कर्जही निम्मं. किंमत ऐकून त्याने दोनदा विचारलं. पुढच्या घराचं खरोखरच थोडंसंच कमी झालं होतं.

"अर्धी जागा गेली आणि एवढंच?" तो म्हणाला.

"अर्धी गेली ती घेणाऱ्याच्या लेखी नव्हतीच," किंमतवाला म्हणाला. "गल्लीसारखं घर, गल्लीसारखी किंमत."

पुतण्याला पूर्ण मजल्याइतकं कर्ज मिळालं नाही. त्याने वर दोन खोल्या चढवल्या, उरलेली गच्ची तशीच ठेवली. मुलगी झाली. ती गच्चीवर रांगायला लागली तशी तिच्यासाठी जाळी लावावी लागली.

धाकटीच्या दोन खोल्या व्हायला वर्ष गेलं. एक स्वयंपाकाची, एक झोपायची, बाहेर पायरी आणि पत्र्याची पुढे आलेली कड. रंग लावायची वेळ आली तेव्हा दुकानातले सगळे उत्सुक होते, की ही आता कुठला खास रंग काढते. तिने साधा पांढरा लावला. मालकांनी विचारलं तर म्हणाली, दिवसभर रंगच बघते, घरी डोळ्यांना सुट्टी.

ती मागे राहायला गेली, त्या दिवशी थोरली आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटेत तिच्या चपलांचा आवाज आला. ती दारात उभी राहिली, आतून-बाहेरून सगळं पाहिलं, भिंतीवर हात फिरवला.

"खिडकी भट्टीकडे का काढलीस? उकडेल."

"सकाळी पावाचा वास येतो."

"त्या मेल्याच्या पावाचा?" थोरली आत येऊन बसली. "बरं, चहा टाक. आणि त्या वाटेत दिवा लावा कोणीतरी. मी येताना ठेचकाळले. पुतण्याला सांग तुझ्या, तो माझं ऐकत नाही."

"वाट माझ्या नावावर आहे. दिवा मीच लावीन."

"लाव मग," थोरली म्हणाली. "बिल कोणाकडे येणार आहे, ते बघू."

त्या बिलावरून पुढे दोघींची खरीखुरी वादावादी झाली. दिवा पुढच्या घराच्या वायरीवर जोडला गेला होता. थोरली महिन्याला तेवढ्यापुरती आठवण करून देई आणि धाकटी दर वेळी म्हणे, उद्या वेगळं मीटर घेते. मीटर यायला बराच काळ गेला. तोवर सून स्कूटर वाटेतच लावू लागली, म्हणून धाकटी तिच्यावर रागवायला लागली, आणि पुतण्या मध्ये पडून दोन्हीकडून बोलणी खाऊ लागला. सुट्टीच्या दिवशी दुपारी मात्र मुलीला झोपवायला मागेच आणत, कारण पुढे रस्त्याचा आवाज फार यायचा.